न फवारलेलं शेत

भालेराव मॅडम गेल्या, तेव्हा कॉलेजात शोकसभा झाली. सूक्ष्मजीवशास्त्राच्या नव्या विभागप्रमुखांनी पडद्यावर मॅडमच्या त्या गाजलेल्या पेपरातला आलेख लावला. भातावरची कीड, तिला मारणारी बुरशी फवारलेल्या शेतांत किती आणि न फवारलेल्या शेतात किती, ते दाखवणारा. फवारलेल्या शेतांचे खांब बुटके, आणि शेवटी एकच उंच खांब, जवळजवळ पडद्याच्या वरच्या कडेला टेकलेला. "फरक बघा," विभागप्रमुख म्हणाले, "इतका स्वच्छ निकाल फार थोड्यांच्या नशिबी येतो." मागे कुणीतरी टाळी वाजवली आणि ही शोकसभा आहे हे लक्षात येऊन हात आवरले.

मी मान खाली घातली. तो उंच खांब कुणाचा, हे त्या हॉलमध्ये मला एकट्याला माहीत होतं. आणि मॅडम तिथे असत्या तर त्या उठून बाहेर गेल्या असत्या.

मी प्राणिशास्त्र शिकवतो. किडे हा माझा विषय, बुरशी हा मॅडमचा. आमचे विभाग समोरासमोर होते. "म्हात्रे, तुमच्या आणि माझ्या मंडळींचं जन्माचं वैर," त्या म्हणायच्या, "आपलं मात्र बरं जमतं." त्यांचं सगळं आयुष्य भिवंडीत गेलं. वडील कामतघरला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते. चाळीत भिंतीपलीकडेच लूम, त्यामुळे फळीवरची भांडी दिवसभर किणकिणत असायची. मॅडम त्या खडखडाटात शिकल्या, डॉक्टरेटसुद्धा त्यातच लिहिली. आमच्या कॉलेजच्या मागच्या गल्लीतही लूम आहेत. त्यांच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीच्या झाकणावर बाष्पाचे थेंब जमले की ते थरथरताना दिसत. लूम बंद असले की मॅडम बेचैन व्हायच्या. "आज फार शांत आहे हो. काही सुचत नाही," असं म्हणून माझ्याकडे चहाला यायच्या.

त्यांच्या पर्समध्ये टिकल्यांची एक रिकामी डबी असे. कुठे मेलेला किडा दिसला की तो डबीत. एकदा प्राचार्यांच्या खोलीत बैठक चालू होती. प्राचार्य हजेरीबद्दल तावातावाने बोलत होते आणि मॅडम मध्येच उठून खिडकीकडे गेल्या. काचेला एक माशी चिकटून मेली होती. तिच्याभोवती पिठासारखं पांढरं वलय पडलं होतं.

"सर, ही आपोआप मेलेली नाही," त्या प्राचार्यांना म्हणाल्या. "हिच्या पोटात बुरशी वाढली. तिनंच हिला इथं आणून चिकटवलं आणि मग हिच्या अंगातून बाहेर पडून चारी बाजूंना बी उडवलं. हे वलय त्याचं."

"भालेराव मॅडम, आपण हजेरीवर बोलतोय."

"हो सर, बोला ना," असं म्हणत त्यांनी हेअरपिनने माशी अलगद सोडवली, डबीत ठेवली आणि जागेवर येऊन बसल्या. प्राचार्यांनी त्यानंतर बैठकीत खिडकीकडे पाठ करून बसायची सवय लावून घेतली.

लूमवरचे कामगारही त्यांच्याकडे यायचे. गरम, कोंदट जागेत घामाने भिजून बारा-बारा तास उभं राहणाऱ्या माणसांना नायटा होणारच. संशोधनासाठी मॅडम त्या चट्ट्यांवरची साल खरवडून न्यायच्या, आणि हळूहळू 'दादवाली मैडम', म्हणजे नायटेवाली बाई, म्हणून त्यांचं नाव गल्लीत पसरलं. एखादा कामगार सुट्टीच्या वेळी गेटपाशी उभा राहून शर्ट वर करून दाखवायचा.

"क्या लगाते हो?" मॅडम विचारायच्या. तो खिशातून चेपलेली ट्यूब काढायचा.

"मेडिकलवाले ने दिया. लगाते ही ठंडा पड़ जाता है मैडम."

"ठंडा नहीं पड़ता, छुप जाता है. खुजली दब गई तो तुम खुश, और अंदर वो भी खुश. फेंको इसको. मैं दवाई वाली डॉक्टर नहीं हूँ, सरकारी अस्पताल में चमड़ी के डॉक्टर को दिखाओ. और घर में सबको दिखाओ, अकेले नहीं."

एवढ्यावर न थांबता मॅडम त्या मेडिकलवाल्याकडे जाऊन भांडायच्या. एकदा मी बरोबर होतो. दुकानदार म्हणाला, "मॅडम, लोक मागतात, मी देतो." मॅडम म्हणाल्या, "त्याला माहीत नाही म्हणून तो मागतो. तुम्हाला माहीत आहे, तरी देता. मग जास्त चूक कुणाची?"

दुसऱ्याला इतकं सरळ विचारणाऱ्या बाईंवर तोच प्रश्न स्वतःला विचारायची वेळ आली, ती वज्रेश्वरीच्या पलीकडच्या एका पाड्यावर.

भातावर तपकिरी तुडतुडा नावाची कीड पडते. गव्हाच्या दाण्याहून लहान, चुडाच्या, म्हणजे रोपांच्या जुडग्याच्या बुंध्याशी बसून रस शोषते. वरून शेत हिरवंगार दिसतं आणि एक दिवस मध्येच गोल चट्टा करपतो, जणू कुणी तिथे शेकोटी केली होती. मग तो गोल वाढत जातो. मॅडमनी या किडीला मारणारी बुरशी तानसा नदीकाठच्या शेतात मेलेल्या किड्यांवरूनच मिळवली होती. ती त्या शिजवलेल्या तांदळावर वाढवत. प्रयोगशाळेत कुकरच्या शिट्ट्या होत आणि आमचा शिपाई विचारायचा, "मॅडम, आज वरण पण आहे का?"

बुरशी प्रयोगशाळेत चांगली चालली होती. आता शेतात बघायचं होतं. पाड्यावरच्या काही कुटुंबांनी आपली खाचरं द्यायला होकार दिला. सगळी डोंगराच्या उताराला लागून, शेजारीशेजारी. नियम एकच होता, हंगाम संपेपर्यंत कुणी दुकानातलं औषध मारायचं नाही. आणि एका खाचरात काहीच फवारायचं नाही, बुरशीसुद्धा नाही. त्याशिवाय फरक कळणार कसा? ते खाचर कुणाचं, यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. मॅडमनीच चिठ्ठी उचलली. सोमीबाईचं नाव निघालं.

सोमीबाई पस्तिशीची, सडपातळ, बोलायला मोकळी. तिचा नवरा देवजी मुखदुर्बळ. त्यांची मुलगी जनी आठवीत होती, आश्रमशाळेत. मॅडमनी प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशीने हिरवा पडलेला तांदूळ दाखवला तेव्हा सोमीबाई हसली होती, "चांगला तांदूल नासवून शेतात टाकता व्हय? आनि आमच्यात त्योबी न्हाय?"

"तुमच्यात काही टाकायचं नाही. तुमचं शेत आम्हाला खरं सांगणार आहे," मॅडम म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी नंतर मला पुष्कळदा म्हणून दाखवलं. स्वतःची नक्कल करावी तसं.

पाऊस ओसरला आणि तुडतुडे आले. मी चूड हलवून, बुंध्याशी वाकून किडे मोजायचो आणि मॅडम लिहून घ्यायच्या. फवारलेल्या खाचरांत मेलेले किडे पानांना चिकटलेले दिसायला लागले, आधी पांढरे, मग हिरवट. मॅडमचा चेहरा तेव्हा लहान मुलीसारखा झाला होता. सोमीबाईच्या खाचरात पहिला गोल करपला.

ती बांधावर येऊन उभी राहिली. "बाय, आमच्या शेतात कवा मारनार?"

"थोडं थांबा, सोमीबाई."

"बाजूच्या शेतात मरतात की त्ये."

"म्हणूनच थांबा. एकच मोजणी राहिली आहे."

देवजी दूर उभा होता, करपलेल्या गोलाकडे बघत. आम्ही एस.टी.ने परत निघालो. मॅडम खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. अंबाडीच्या पुढे त्या एकदम म्हणाल्या, "म्हात्रे, मारून टाकू या का तिच्या शेतात? आज?" मी म्हटलं, मग एवढे महिने कशासाठी केलं? ते बरोबरच होतं, आणि त्यांनाही ते पटलं. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा गोल एकमेकांना मिळाले होते. सोमीबाईचं भात उभ्याउभ्या वाळलं होतं. लोंब्या होत्या, त्यांत दाणा नव्हता.

मी मोजलं. मॅडमनी लिहिलं. त्यांचा हात थांबला नाही, पण अक्षर बदललं.

निकाल उत्तम होता. तो इतका उत्तम का होता, तर सोमीबाईचं इतकं वाईट झालं म्हणून. तिचं थोडं वाचलं असतं तर खांब तेवढा बुटका झाला असता. प्रकल्पाच्या प्रस्तावात फवारणीच्या पंपापासून काचेच्या नळ्यांपर्यंत सगळं होतं. ज्याचं शेत जाईल त्याचं काय, हे लिहायची जागाच नव्हती आणि आम्हा कुणाला ती सुचलीही नव्हती. पेपर छापून आला, मॅडमचा सत्कार झाला. त्या सत्कारात त्या हसत होत्या. खोटं कशाला सांगू, मनापासून हसत होत्या. कारण तोवर त्यांना पुढचं माहीत नव्हतं.

सत्कारानंतरच्या रविवारी त्यांनी घरातून तांदळाची गोणी घेतली, रिक्षा केली आणि मला बरोबर यायला सांगितलं. पाड्यावर सोमीबाईच्या दाराला काटेरी झुडपाची फांदी लावलेली होती. शेजारीण म्हणाली, "ती दिवाळी झाली नि गेली भट्टीवं. खायाला व्हतं काय घरात?"

"आणि जनी?"

"तीबी गेली की. पोरीला एकली कुटं ठेवनार?"

वीटभट्टी कोन गावाच्या बाजूला खाडीजवळ होती. रिक्षावाल्याने बरीच कुरकुर केली. आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. जनी उकिडवी बसून साच्यातून विटा पाडत होती. दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेले, अंगावर आश्रमशाळेचा निळा फ्रॉक. मॅडमना बघून ती उभी राहिली आणि वर्गात म्हणतात तसं म्हणाली, "नमस्ते मॅडम."

सोमीबाई धावत आली. तिला खरोखर आनंद झाला होता. गोणी बघून तर ती संकोचलीच. तिने तीन दगडांच्या चुलीवर त्याच तांदळाचा भात टाकला, वर सुक्या बोंबलाचं कालवण केलं आणि आम्हाला बसवलं.

"तुजा काम झाला ना, बाय?" तिने विचारलं.

"झालं," मॅडम म्हणाल्या.

"चांगला झाला?"

"चांगलं झालं."

"मंग बरं झालं. येवढा थांबलो, त्याचा कायतरी झाला."

ती टोचून बोलत नव्हती. टोचून बोलली असती तर बरं झालं असतं, असं मॅडम नंतर म्हणाल्या. त्यांनी तो भात खाल्ला, शेवटच्या शितापर्यंत. पण परतताना रिक्षा थांबवून त्या रस्त्याच्या कडेला उतरल्या आणि त्यांना उलटी झाली. मी पाणी दिलं. "उन्हानं झालं," त्या म्हणाल्या. मीही हो म्हटलं.

जनीला शिकायला आपल्या घरी ठेवून घ्यावं, म्हणून मॅडम पुन्हा भट्टीवर गेल्या. सोमीबाईने नकार दिला. पोरगी दूर पाठवायची तिची तयारी नव्हती, आणि हाताखालचं माणूस कमी करणंही जमणार नव्हतं. शाळेत परत घालू, म्हणाली. पण भट्टीचा हंगाम संपून पाऊस आला तोवर जनीच म्हणाली की आता खालच्या वर्गात जाऊन बसायला लाज वाटते.

मी मॅडमची समजूत घालायचा प्रयत्न केला. पाड्यावरच्या किती पोरी आठवीनंतर शाळा सोडतात, ही उद्या सोडणार होती ती आज सोडली, असं काहीतरी म्हटलं.

"असेल," त्या म्हणाल्या. "पण तेव्हा कारण मी नसते."

पुढच्या हंगामात मॅडम सोमीबाईला म्हणाल्या की या वेळी तुझ्या खाचरात पहिली फवारणी. तिने मान हलवली. "नको बाय. तुजी बुरशी चांगलीच असंल. पन आमच्यात नको. आमी दुकानातला आनतो." तिने चहा दिला, नीट बोलली, पण शेत दिलं नाही. ज्या बुरशीसाठी एवढं केलं, ती त्या पाड्यावर सोमीबाईच्या खाचरात कधीच गेली नाही.

तेव्हापासून मॅडमची एक रीत पडली. कुठल्याही विद्यार्थ्याचा प्रकल्प असो, कुठली तोंडी परीक्षा असो, त्या शेवटी एकच प्रश्न विचारायच्या. "ज्याला काही दिलं नाही, तो कोण होता? नाव सांगा." पोरं गोंधळायची. "मॅडम, ती बशी होती." "बशी असेल तर ठीक. बस खाली." एका मुलीने झोपडपट्टीतल्या मुलांवर जंतांच्या औषधाचा अभ्यास केला होता. मॅडमच्या प्रश्नावर ती वहीची पानं उलटू लागली. मॅडमनी तिला मार्क भरपूर दिले, पण आधी त्या वस्तीत परत पाठवलं, उरलेल्या मुलांना औषध देऊन ये म्हणून. बाहेरून आलेले परीक्षक कुजबुजले, "बाई जरा भावनिक आहेत."

आणि त्यांनी स्वतः शेती करायला घेतली. सोमीबाईच्या शेजारचा एक चिंचोळा तुकडा खंडाने घेतला. यापुढे न फवारायचं शेत ते हेच असणार होतं. "ज्याचं जायचं ते माझं जाऊ दे," त्यांचं एवढंच म्हणणं. मॅडमना शेतीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्या लावणीला साडीचा ओचा खोचून त्या चिखलात उतरल्या आणि गुडघाभर रुतल्या. सोमीबाई बांधावर पोट धरून हसत होती. "बाय, तू लावत्येस का पुरत्येस?" मग ती स्वतःच खाली उतरली आणि दोघींनी मिळून तो तुकडा लावला. त्या दिवशी पुष्कळ दिवसांनी मी मॅडमना हसताना पाहिलं.

शास्त्राच्या दृष्टीने तो तुकडा कुचकामी होता. त्यांच्या पुढच्या पेपरावर तपासनिसांनी शेरा मारला की न फवारलेल्या शेताची मशागत इतरांसारखी नाही, तेव्हा तुलना ग्राह्य धरता येत नाही. पेपर परत आला. मॅडमनी तो पुन्हा पाठवलाच नाही. बढतीही राहिली. मी चिडलो. "मॅडम, दुसऱ्या कुणाचं खाचर घ्या, नुकसान भरून देऊ. आता तशी सोय करता येते." ते खरं होतं, आणि त्यांना ते कळतही होतं. "तुम्ही करा," त्या म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. मला चिठ्ठी उचलता येत नाही आता." भात करपलं की त्या करपलेल्या शेतातच बसून राहायच्या. त्याने सोमीबाईचं काय भलं होत होतं, हे मला कधी कळलं नाही. त्यांनाही कळत नसावं.

त्या निवृत्त झाल्या तोवर आमच्या बाजूला शेतांपेक्षा गोदामं जास्त झाली होती. जनीचं लग्न झालं, ती नवऱ्यासह बायपासजवळ राहायला आली आणि एका गोदामात पार्सलं बांधायच्या कामाला लागली. मॅडमनी तिला शोधून काढलं. दहावीला बाहेरून बस म्हणून तिच्या मागे लागल्या. सतरा नंबरचा फॉर्म स्वतः भरून आणला. शनिवारी जेवणाच्या सुट्टीत त्या कामतघरहून रिक्षाने गोदामावर जायच्या, तिला शिकवायला.

एकदा जनी मला बाजारात भेटली. भरल्या अंगाची, हसतमुख बाई झाली होती. मी अभ्यासाचं विचारलं.

"सर, आता न्हाय डोक्यात शिरत," ती म्हणाली. "शिफ्ट करून घरी जायचं, सैपाक, पोरगा. पन मॅडम येवढ्या उन्हाच्या येतात ना. मी बसले का त्यांना बरं वाटतं. म्हनून बसत्ये."

मी हे मॅडमना सांगितलं नाही.

त्या जायच्या आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या गोदामापाशीच. मी कल्याणहून येत होतो, गाडी पंक्चर झाली म्हणून पलीकडच्या टपरीवर थांबलो होतो. समोर गोदामाच्या गेटाबाहेर, भिंतीच्या अरुंद सावलीत, पुठ्ठा अंथरून दोघी बसल्या होत्या. मॅडमच्या मांडीवर विज्ञानाचं पुस्तक उघडं होतं आणि त्या बोटाने काहीतरी दाखवत होत्या. जनी मान हलवत होती. मग तिची मान हलायची थांबली. भिंतीला टेकून ती झोपली आणि झोपेतच तिचं डोकं हळूहळू घसरून मॅडमच्या खांद्यावर आलं.

मॅडम बोलायच्या थांबल्या. पुस्तक मिटून त्यानेच त्या तिच्या तोंडावरच्या माशा हाकलू लागल्या. इतका वेळ त्या तशाच बसल्या, की खांदा अवघडला असणार. पण त्यांनी तो हलवला नाही.

आत भोंगा वाजला. बायका एकेक करून आत जायला लागल्या. वॉचमन गेटापाशी येऊन म्हणाला, "मैडम, उठाओ उसको. टाइम हो गया."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. नुसता हात वर केला, की थांबा, एक मिनिट.